सहाच्या खुणेपाशी मुकुट

रस्त्यावरची ‘रोलेक्स’ पकडायला पूर्वी सेकंदकाटा पुरायचा. आत बॅटरी, म्हणून काटा सेकंदाला एकच उडी मारायचा. रोलेक्सच्या खऱ्या ‘सबमरीनर’ घड्याळाचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, म्हणून सरकल्यासारखा दिसतो.

ही खूण आता पुरत नाही. महागड्या नकलांतही ऑटोमॅटिक यंत्र असतं. मग तारखेवरचं भिंग पाहावं: अस्सल भिंग आकडा अडीच पट मोठा दाखवतं, नकली बरेचदा कमी. नव्या घड्याळांत सहाच्या खुणेपाशी काचेत इवलासा मुकुट कोरलेला असतो. साध्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो.

नक्कल जाणूनबुजून घेणंही अंगाशी येऊ शकतं: स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी आणलेली नक्कलही कस्टम जप्त करू शकतं.

हौस असेल आणि खिसा लहान, तर चावीची जुनी एचएमटी ‘जनता’ आहेच. फक्त डायल नव्याने रंगवलेली नाही ना, हे आधी तपासावं.