दुकानाचें चित्र आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

१८९४ सालीं राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा छापखाना मुंबईजवळ घाटकोपर येथें सुरू झाला. पुढें तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. राजवाड्यांतील तैलचित्रांच्या प्रती त्यामुळें सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या. परंतु मूळ चित्र उत्तम असलें म्हणून प्रत आपोआप उत्तम निघत नसे. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड तयार करावा लागे, दगडावर चित्र उलटें उतरावें लागे आणि सर्व रंग एकमेकांवर नेमक्या जागीं बसवावे लागत. चांगलें चित्र निवडणें हें अर्धेंच काम होय. ज्या साधनानें तें लोकांपुढें जावयाचें, त्याला साजेसें तें तयार करणें हें उरलेलें अर्धें.

आज घाटकोपर-मुलुंडचा एखादा साडीविक्रेता स्वतःच्या संकेतस्थळावर माल मांडतो, तेव्हां त्यालाही हाच नियम लागू पडतो. दुकानांत गिऱ्हाईक पदर हातांत घेऊन पोत पाहतें, दाराशीं जाऊन उजेडांत रंग पारखतें. संकेतस्थळावर हाताचें कामही डोळ्यांवरच पडतें. म्हणून प्रत्येक साडीचीं निदान तीन छायाचित्रें असावीं: एक संपूर्ण साडीचें, एक काठ व वीण जवळून दाखविणारें आणि एक नेसलेल्या साडीचें, म्हणजे काठाची रुंदी कळते आणि कापड अंगावर कसें पडतें तेंही दिसतें.

छायाचित्र घेतांना खिडकीजवळचा दिवसाचा उजेड उत्तम. मात्र साडीवर थेट ऊन पडूं नये. त्या वेळीं खोलींतील पिवळे दिवे मालवावे, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला कीं रंग बिघडतो. साडीशेजारीं एक पांढरा कागद ठेवून पाहावा. चित्रांत तो पिवळट किंवा निळसर दिसला, तर साडीचा रंगही खरा उतरलेला नाहीं असें समजावें.

यानंतर चित्र हलकें करावें. मोबाइलनें घेतलेल्या चित्रांत पुष्कळदां ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. तेंच १२०० गुणिले ९०० केलें तर १० लाख ८० हजार उरतात, म्हणजे अकराव्या हिश्शाहूनही कमी. मोबाइलच्या पडद्यावर दोहोंतील फरक क्वचितच जाणवतो; बोरिवलीच्या गर्दीच्या लोकलमध्यें पान उघडणाऱ्याची वाट पाहणी मात्र पुष्कळ वांचते. मूळ चित्र जपून ठेवून प्रतच लहान करावी, कारण लहान केलेलें चित्र पुन्हा मोठें केलें तरी गेलेले बारकावे परत येत नाहींत. छायाचित्रास जेपेग आणि दुकानाच्या बोधचिन्हास पीएनजी हा प्रकार सोयीचा. प्रत्येक चित्रास दोन ओळींचें वर्णनही जोडावें. अंध व्यक्तीचा मोबाइल तें वाचून दाखवितो.

दुसऱ्याचें देखणें चित्र उचलण्याचा मोह टाळावा. १९५७ च्या कायद्यानें प्रसिद्ध छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. शिवाय २०२० च्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांप्रमाणें, जाहिरातींत दाखविलेले गुण मालांत नसल्यास विक्रेत्यास तो परत घेण्याचें नाकारतां येत नाहीं. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. चित्रांत जांभळी दिसलेली पैठणी घरीं तपकिरी निघाली, कीं साडी दुकानांत परत येते, गिऱ्हाईक येत नाहीं. लग्न दोन दिवसांवर आलेल्या घरांत तर पैसे मिळूनही झालेली हानि भरून निघत नाहीं. म्हणून चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वीं दुकानदारानें तें आणि साडी शेजारीं शेजारीं ठेवून एकदां गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनीं पाहावीं.