पत्र्याखाली काय घालावे?

माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आलेला माणूस पायऱ्या चढताना वर पाहतो. खाली गावाकडे सहसा कोणी पाहत नाही. पाहिलेच, तर दुपारच्या उन्हात पत्रेच पत्रे चमकताना दिसतील. त्यातला एक पत्रा माझ्या अक्काच्या घरावरचा आहे. तो माझ्या सांगण्यावरून चढला, म्हणून हा सारा प्रपंच.

त्याआधी त्या घरावर माळवद होते. सागाच्या तुळया, त्यावर फळकुटे, फळकुटांवर पाला आणि वर हातभर माती. मे महिन्यात बाहेर जीव नकोसा होई, पण आत पाठ टेकली की डोळा लागे. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. गणेश विसर्जन आटोपून दमलेली गावे झोपली होती, आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी हादरली. मी तेव्हा औसा तालुक्यातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. चिखलात रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ते ढिगारे मी पाहिले आहेत. त्याबद्दल अधिक लिहवत नाही.

किल्लारीपासून माहूर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. पण भीतीला अंतर कळत नाही. अक्काचे पत्र आले, "लेकरं आत निजायला तयार नाहीत, काय करू?" मी उलट टपाली लिहिले, माती उतरव, पत्रा टाक. पैशांची व्यवस्थाही मीच केली. नोकरीत असताना घरबांधणीची कितीतरी प्रकरणे मी हाताळली. त्यांत भिंत कशाची, छप्पर कशाचे, हे विचारणारे रकाने असत. छपराखाली काय, हे विचारणारा रकाना नव्हता आणि मलाही तो कधी सुचला नाही.

गेल्या मे महिन्यात अक्का दुपारी भर घरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी उष्माघाताचा झटका सांगितला. दवाखान्यातून परतल्यावर खाटेवर बसून ती म्हणाली, "मातीच्या भ्यानं तूच पत्रा घालायला लावलास. आता त्याच्या खाली काय घालायचं ते बी तूच सांग."

मी शोधाला लागलो. भाचा म्हणाला, "मामा, थर्माकोल चिकटवून टाकू, एका दिवसाचं काम." थर्माकोल उष्णता अडवतो हे खरे. पण अक्का अजून चुलीवर पाणी तापवते, आणि पेटलेल्या थर्माकोलचा धूर विषारी असतो. शिवाय उंदरांची सोय होते ती वेगळीच. दुसऱ्या कोणी डांबरी फेल्टची गुंडाळी सुचवली. अमेरिकेत घराच्या छपरावर आधी फळ्यांचा सलग तक्तपोस करतात, त्यावर असा थर अंथरतात आणि मग वर पत्रा ठोकतात. तिथे भय असते बर्फाचे आणि झिरपणाऱ्या पाण्याचे. आपला पत्रा लोखंडी पाइपांवर अधांतरी असतो. फेल्ट अंथरायचे कशावर? आणि आपल्या उन्हात डांबर मऊ पडून पत्र्याला चिकटणार.

खरी गोष्ट मला उशिरा कळली. तापलेला पत्रा खालच्या माणसाला भाजतो तो निखाऱ्यासारखा, मधली हवा ओलांडून. चंदेरी वर्खाची शीट ती धग रोखते, पण पत्रा आणि शीट यांच्यामध्ये मोकळी जागा हवी. शीट पत्र्याला चिकटवली की तीच तापते आणि तिचा फायदा कमी होतो. दुकानदार हे सांगत नाहीत. दुसरी अडचण घामाची. पावसाळ्यात, हिवाळ्यात रात्री पत्रा गार पडतो, घरातली वाफ त्याला लागून पाणी होते आणि पहाटे अंथरुणावर टिपकते. अक्का इतकी वर्षे त्याला गळती समजत होती. म्हणजे खालचा थर असा हवा, की वरून पडलेला थेंब उतारावरून थेट भिंतीबाहेर जाईल.

शेवटी ठरले ते असे. पाइपांच्या खालून, छपराच्याच उताराने, दोन्ही अंगांनी चकचकीत शीट ताणायची आणि तिची कड भिंतीच्या बाहेर काढायची. तिच्याखाली वीतभर जागा सोडून बुरुडाकडून विणून आणलेले बांबूचे तट्टे. तापलेली हवा निघून जावी म्हणून आढ्याशी फटी, आणि त्यांवर जाळी. माहूरच्या माकडांना उघडी फट म्हणजे निमंत्रणच. चुलीच्या खोलीवर मात्र यातले काही नाही, नुसता पत्रा आणि धुराडे. वरून पत्र्याला पांढरा रंग दिला. माळवदाची चार फळकुटे गोठ्यात निघाली, ती सुताराने दाराशी बसवली. त्यांचा उपयोग काही नाही, पण अक्काने ऐकले नाही.

उन्हाळा थोडाच उरला होता, त्यामुळे घर किती निवले हे आज सांगता येणार नाही. त्याची परीक्षा येत्या मे महिन्यात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मात्र अक्काचा फोन आला. एका स्क्रूपाशी पत्रा गळत होता.

"तुला कसं कळलं?" मी विचारले.

"आत टिपूस नाही रे. वळचणीला पाणी गळताना दिसलं, म्हणून कळलं. सुताराला उद्या बोलावते."