सीट बेल्टमुळे बरगड्या मोडतात, मग तो जीव कसा वाचवतो?

समोरून झालेल्या धडकेनंतर रुग्णालयात आणलेल्या अनेक प्रवाशांच्या छातीवर तिरका, काळानिळा वळ दिसतो. कधी बरगडी मोडलेली असते, कधी छातीच्या मधलं हाड. 'बेल्टनेच घात केला', असं मग सहज म्हटलं जातं. हे कितपत खरं आहे?

धडकेत नेमकं काय होतं?

ताशी ५० किमी वेगाची गाडी भिंतीवर आदळली की साधारण ०.१ सेकंदात थांबते. आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. ७० किलोच्या माणसाला तेवढ्या वेळात थांबवायला सरासरी एक टन वजनाइतका जोर लागतो.

बेल्ट नसेल तर छाती स्टिअरिंगवर आदळून काही सेंटिमीटरमध्ये थांबते. अंतर कमी, म्हणून जोर कित्येक पट जास्त. त्यात बरगड्यांबरोबर हृदय, फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्यांनाही इजा होते. बेल्ट हाच जोर खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो. बरगडी मोडू शकते, पण ती बहुतेकदा बरी होते.

छातीवरचा ताण कमी कसा करतात?

आजचा तीन टोकांचा बेल्ट व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. पुढे त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या.

पहिली, प्रीटेन्शनर. धडक जाणवताच छोटा स्फोट होऊन काही मिलिसेकंदांत बेल्ट घट्ट ओढला जातो. त्यामुळे शरीर गाडीबरोबरच थांबू लागतं आणि थांबायला जास्त अंतर मिळतं.

दुसरी, लोड लिमिटर. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बेल्टच्या रिळातली धातूची दांडी पिळली जाते आणि पतंगाला ढील द्यावी तसा बेल्ट थोडा सुटतो. अनेक गाड्यांमध्ये ही मर्यादा ४०० ते ६०० किलो वजनाइतकी असते. पुढे झुकणारी छाती मग एअरबॅग झेलते.

धोका कोणाला जास्त?

ज्येष्ठांच्या बरगड्या ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे त्या कमी ताणातही मोडतात. शिवाय अनेक गाड्यांमध्ये या दोन्ही सोयी फक्त पुढच्या सीटला असतात. म्हणून मागे बेल्ट नको, असा अर्थ होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

काय लक्षात ठेवाल?

- वरचा पट्टा खांद्याच्या मधून आणि छातीच्या मध्यावरून जावा. तो काखेखालून घेतला तर सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो आणि यकृत, प्लीहेला इजा होऊ शकते.
- खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर टेकलेला हवा. गर्भवतींनी तो पोटाच्या खालून घ्यावा.
- जाड जॅकेट किंवा मागे झुकवलेली सीट यामुळे बेल्ट ढिला राहतो.
- अलार्म बंद करणारी क्लिप वापरू नका. तिची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिले होते.
- धडकेत वापरलेला बेल्ट बदलून घ्या. पिळलेली दांडी पुन्हा काम करत नाही.
- अपघातानंतर छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी लगेच डॉक्टरांकडे जा.