हवा दिसत नाही, पण मारते : कॉम्प्रेसर वापरताना एवढं सांभाळा

यवतमाळ : नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडकी, करंजी, पांढरकवडा ते पाटणबोरीपर्यंत पंचरची दुकानं आहेत. वणी भागात कोळशाच्या ट्रकांची रांग असते. या सगळ्यांचं काम हवेच्या कॉम्प्रेसरवर चालतं. गॅरेज, जिनिंग, वेल्डिंगच्या दुकानात तो आहेच. आता ट्रॅक्टरवाल्या कास्तकाराच्या शेडमध्येही लहान कॉम्प्रेसर दिसू लागला आहे. यंत्र साधं वाटतं, बटन दाबलं की हवा. म्हणूनच त्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही.

टाकीत किती जोर असतो?

पंचरच्या दुकानातल्या टाकीत साधारण १२० पीएसआय दाब असतो. म्हणजे एका चौरस इंचावर १२० पौंड, जवळपास ५४ किलो. हाच हिशेब एक फूट बाय एक फूट पत्र्याचा केला तर जोर ७८ क्विंटलच्या वर जातो. एवढ्या वजनाचा कापूस त्या फूटभर पत्र्यावर ठेवल्यासारखं झालं. पत्रा मजबूत आहे तोवर काही होत नाही. तो गंजून पातळ झाला की टाकी नुसती गळेल असं नाही, फुटूही शकते.

काही मीटरवर पीएसआयऐवजी किलोचे आकडे असतात. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

टाकी आतून सडते

हवेतली वाफ दाबाखाली पाणी होऊन टाकीच्या बुडाशी साचते. पावसाळ्यात हे पाणी जास्त निघते. बाहेरून रंग चकाचक आणि आतून बूड सडलेलं, अशी टाकी सगळ्यात धोक्याची. त्यामुळे रोज संध्याकाळी मोटार बंद करून, दाब कमी करून बुडाचा ड्रेन कॉक हळू उघडावा आणि पाणी काढून टाकावं. तांबूस पाणी येत असेल तर गंज धरला असं समजावं.

गंजलेल्या टाकीला ठिगळ मारून वेल्डिंग करू नये. टाकी तपासायची तर जाणकाराकडून पाण्याच्या दाबावर तपासून घ्यावी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. हवा भरून ‘पाहू टिकते का’ असं कधीच करू नये. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आणि गॅसचा जुना सिलिंडर जोडून केलेला जुगाडही नको.

दोन गोष्टी जीव वाचवतात

पहिली, प्रेशर स्विच. ठरलेला दाब झाला की तो मोटार बंद करतो. दुसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह. स्विच बिघडला आणि दाब वाढतच गेला तर हा व्हॉल्व्ह उघडून हवा सोडतो. बऱ्याच ठिकाणी ‘हवा गळते’ म्हणून व्हॉल्व्हच्या जागी बूच ठोकतात. मग टाकीला सुटायला वाटच राहत नाही. आठवड्यातून एकदा व्हॉल्व्हची कडी ओढून पाहावी. हवा फुस्स करून निघाली आणि कडी सोडल्यावर बंद झाली, तर व्हॉल्व्ह ठीक. अडकला असेल तर दुरुस्त करत बसू नये, त्याच दाबाचा नवीन लावावा.

कारखान्यातल्या दाबाच्या यंत्रांसाठी कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम ३१ होतं. गावातलं लहान दुकान किंवा कास्तकाराची शेड त्या कायद्यात येत नव्हती. तिथं तपासणारा मालक स्वतःच.

लाइन गेली की मेन स्विच बंद

ग्रामीण भागातला हा खास धोका. कॉम्प्रेसर चालू असताना लाइन जाते, माणूस पट्टा घट्ट करायला किंवा तेल पाहायला हात घालतो, तेवढ्यात लाइन येते आणि मोटार आपोआप फिरते. बोटं पट्ट्यात जातात. त्यामुळे लाइन गेली की आधी मेन स्विच पाडायचा. पट्ट्यावर जाळी पाहिजेच. मोटारीला अर्थिंग पाहिजे. टाकीपासूनची लाइन पीव्हीसी पाइपची करू नये. तो दाबानं फुटला की त्याच्या चिपा सुरीसारख्या उडतात. हवेचा रबरी पाइपच वापरावा.

टायरमध्ये हवा भरताना

ट्रकच्या टायरला शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पीएसआय लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतकामात साधारण १२ ते २० पुरतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. ट्रकसाठी चालू असलेला पाइप तसाच ट्रॅक्टरला लावून गप्पा मारत उभं राहिलं तर टायर फुटायला वेळ लागत नाही. दर थोड्या वेळानं मीटर लावून पाहावं.

लॉक रिंगच्या चाकात धोका आणखी मोठा. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती उडते. असं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपनं, बाजूला उभं राहून भरावं. रिंगसमोर कुणी थांबू नये. रिंग हातोड्यानं बसवायची असेल तर आधी सगळी हवा काढावी.

अंगावर हवा मारू नका

काम संपल्यावर कपड्यावरचा भुसा, कापसाची धूळ उडवायला पाइप अंगावर धरायची सवय सगळीकडं आहे. या हवेनं डोळ्यात कण घुसतो, कानाचा पडदा फाटतो. जखमेतून हवा कातडीखाली शिरू शकते. अमेरिकेत कारखान्यांसाठी नियम आहे, साफसफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली पाहिजे. आपल्या टाकीत त्याच्या चौपट असतो. रेडिएटर, फिल्टर साफ करतानाही दाब कमी करावा आणि चष्मा लावावा.

फवारणीच्या कपड्यावर, पंपावर हवा मारणं तर नकोच. विषाचे कण उडून श्वासात जातात. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसवर कास्तकार-मजूर गेले, हे विसरता येणार नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, नोझल पाण्यानं आणि मऊ ब्रशनं साफ करावं.

आणि मस्करी. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या हडपसर औद्योगिक वसाहतीत १६ वर्षांच्या मुलाच्या गुदद्वारात ओळखीच्याच तरुणानं गमतीत कॉम्प्रेसरची हवा सोडली. मुलगा दगावला, तरुणावर गुन्हा दाखल झाला. या हवेनं आतडं क्षणात फाटतं. दुकानात काम करणाऱ्या पोट्ट्यांना मालकानं पहिल्याच दिवशी हे सांगितलं पाहिजे.

अपघात झालाच तर

आधी मेन स्विच बंद. पोटात हवा गेली असेल तर पाणी, चहा, जेवण काहीच देऊ नये, पोट चोळू नये. कातडीखाली हवा जाऊन सूज आली आणि दाबल्यावर करकर वाजली तरी घरी थांबू नये. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. १०८ ला फोन लावावा. रुग्णाला जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावं. तिथं ‘पडला’ असं न सांगता कॉम्प्रेसरची हवा लागली हे स्पष्ट सांगावं. डॉक्टरला खरं कारण कळलं तरच उपचार लवकर सुरू होतात.