स्मिथ महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन येथे हे महिला महाविद्यालय १८७५ मध्ये सुरू झाले. मुलांप्रमाणे शिक्षण दिल्यास मुलींची प्रकृती ढासळते, असे मत बॉस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये मांडले होते. त्यामुळे स्त्रीशिक्षणाच्या समर्थनार्थ व्यायामास महत्त्व आले. येथे १८९२ मध्ये आलेल्या सेंडा बेरेन्सन (१८६८–१९५४) यांनी स्वीडिश व्यायामपद्धतीबरोबरच नुकताच निघालेला बास्केटबॉल हा खेळ शिकविला. मार्च १८९३ मधील पहिल्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. धसमुसळेपणा टळावा म्हणून त्यांनी क्रीडांगणाचे तीन भाग पाडले व खेळाडूंना आपला भाग सोडण्यास मनाई केली. या नियमांमुळे खेळ स्त्रियांत रुजला. तथापि हालचालींवरील बंधनेही दीर्घकाळ टिकली. पाच खेळाडूंनी संपूर्ण क्रीडांगणावर खेळण्याची पद्धत अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन स्पर्धांत १९७१ मध्ये रूढ झाली.