गाडी कुठे उभी होती?

ओरोसला जुन्या गाड्या विकायला निघतात त्या एप्रिल-मेमध्ये. याचं कारण बाजारात नाही, सरकारी वेळापत्रकात आहे. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीचे दोन तुकडे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि मुख्यालयासाठी ओरोसचा माळ निवडला गेला. आज जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, जिल्हा रुग्णालय, आरटीओ सगळं इथं हाकेच्या अंतरावर आहे, आणि इथं राहणारा निम्माअधिक माणूस बदलीवर आलेला किंवा बदलीची वाट बघणारा आहे. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानं सर्वसाधारण बदल्यांना एप्रिल-मेचा मुहूर्त ठरवून दिला. मग ज्याला विदर्भात किंवा मराठवाड्यात जायचंय तो सामानाचा टेम्पो ठरवतो, मुलांचे दाखले काढतो आणि गाडीच्या मागच्या काचेवर ‘विकणे आहे’चा कागद लावतो.

या गाड्यांत सेडान बऱ्याच असतात. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई वेर्ना, क्वचित एखादी व्हेंटो. दहा वर्षांपूर्वी साहेब माणसाची गाडी म्हणजे हीच. आता नव्या साहेबांना उंच गाडी लागते, सियाझ तर मारुतीनं 2025 मध्ये बंदच केली. त्यामुळे चांगली सेडान त्या मानानं स्वस्तात पडते. पाच माणसं, मागे 510 लिटरची डिकी, चौपदरी महामार्गावर जमिनीला धरून पळणारी गाडी. गणपतीला घरचं सगळं सामान आणि वर दोन पाहुणे न्यायचे तर याहून बरं काही नाही. अडचण एकच. सिटीचा पोटाखालचा अवकाश 165 मिलिमीटर, सियाझचा 170. महामार्ग सोडून चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या वाटेला लागलं की हे आकडे आठवतात.

माझा मावसभाऊ कुडाळजवळच्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्यासाठी अशीच एक पाहायला गेलो. 2017 ची, पेट्रोल, एमएच-09 म्हणजे कोल्हापूरची नोंदणी, एकच मालक, मीटरवर 46 हजार किलोमीटर, किंमत सव्वापाच लाख. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे निघालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. सोबत आमचा नेहमीचा गॅरेजवाला. गाडी धुऊन, पॉलिश मारून उभी होती. भाऊ सवयीनं बोनेटकडे वळला, तर गॅरेजवाला म्हणाला, “गुरुजी, बोनेट मगे. आदी खाली बघूया.” आणि मालकाकडे वळून शुद्ध मराठीत, “साहेब, गाडी कुठं लावत होता?”

मला हा प्रश्न तेव्हा गप्पांचा वाटला होता. साहेबांनीही गप्पा म्हणूनच उत्तर दिलं. आधी कोल्हापूर, मग 2020 पासून मालवणला भाड्याचं घर, अगदी किनाऱ्यालगत, सुरूच्या बनाशेजारी. गेलं वर्षभर इथं क्वार्टरमध्ये, फणसाखाली. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून गाडी फार चालली नाही. गॅरेजवाल्यानं मान डोलावली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

देशावर गाडी बघताना माणूस विचारतो, किती चालली? कोकणात विचारायचं ते, उभी कुठे होती? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात किनाऱ्यावरची खारी हवा. चालती गाडी वाऱ्यानं, इंजिनाच्या उष्णतेनं सुकत तरी राहते. उभी गाडी ओलीच असते. कमी किलोमीटरचं कौतुक म्हणून इथं जरा जपून करावं.

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. खाली उतरल्यावर पहिल्यांदा दिसलं ते काळं कुळकुळीत अंडरकोटिंग, अगदी ताजं. पावसाळ्याच्या तोंडावर ते मारणं शहाणपणाचं, पण विकायच्या आठ दिवस आधी मारलं असेल तर त्याखाली काय आहे ते बघायला हवं. गॅरेजवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीनं पत्र्यावर ठोकत ठोकत पुढून मागे गेला. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला आवाज बदलला, बद्द झाला. तिथं कोटिंगचं पापुद्र्यासारखं एक ढेकूळ निघून हातात आलं. आत तांबूस भुगा. दोन इंचांचा तुकडा असेल. भोक नव्हतं. मुख्य चासीचे दोन्ही बीम त्यानं वेगळे वाजवले, ते साफ होते. “हय गंज आसा, पण वरचो आसा,” तो म्हणाला. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले, सायलेन्सरच्या जोडाला गंजाची भाकरी धरलेली, ऑइल चेंबरला एक जुना पोचा. पोचा चिऱ्याचा. त्याच्या खाचेत अजून लाल माती होती.

वर आल्यावर डिकी. इथं मी पहिल्यांदा त्याला वास घेताना पाहिलं. डिकी उघडून काही न बोलता तो आत वाकला आणि थांबला. मग गालिचा उचलला, स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खळग्यात पाणी नव्हतं, पण पाण्याची रेघ होती आणि रेघेच्या काठाला पांढरट खर. बोटानं खरवडून त्यानं ते चक्क जिभेला लावलं. “ह्या पाणी पावसाचा नाय, माशाचा.” साहेब हसले. मालवणात राहून मासळी घ्यायची नाही तर काय करायचं? दर रविवारी बर्फातली मासळी डिकीतून घरी, कधी नातेवाइकांसाठी कोल्हापूरपर्यंत. बर्फ वितळतो, खारं पाणी गालिच्याखाली उतरतं आणि खळग्यात बसून राहतं. बुडाला रबरी बूच असतं, ते काढून धुतलं तर प्रश्न नसतो, पण ते बूच कुणी काढत नाही. मागच्या चाकाजवळचा तो बद्द आवाज याच पाण्याचा होता, फक्त आतून बाहेर आलेला. आंब्याच्या पेट्या नेणाऱ्याची गाडी बिनधास्त घ्यावी, असं माझं मत तिथंच झालं.

आता पावसाचं. मेमध्ये गाडी बघण्यातली मोठी अडचण ही की तेव्हा सगळ्याच गाड्या कोरड्या असतात. गॅरेजवाल्यानं त्यावर केलेला उपाय इतका सोपा आहे की कुणीही करावा. वायपरखाली, काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते, तिच्यातून त्यानं बादलीभर पाणी हळूहळू ओतलं. हे पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हळीतून उतरून पुढच्या चाकांमागून धो धो पडायला हवं. ड्रायव्हरच्या बाजूला पडलं. डावीकडं नुसते थेंब. त्यानं जाळीची कड उचकटली आणि आत बोटं घालून मूठभर काढलं: सुरूच्या काड्यांचा गुंता, त्यात फणसाची कुजकी पानं. चार पावसाळे मालवणचे, एक ओरोसचा, सगळे तिथं साठले होते. पन्हळ तुंबली की पाणी एसीच्या हवेच्या वाटेनं आत शिरतं. पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा दाबला तर बोटांना गारवा लागला. सीटखाली वायरिंगचा एक कनेक्टर असतो, तो सोडवून पाहिला. एका पिनेवर हिरवट पुट. एअरबॅगचा लाल दिवा आज लागत नव्हता, तो येत्या ऑगस्टात लागला असता.

गाडी कोल्हापूरची, म्हणजे पुराचीही शंका घ्यायला हवी. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी तिथंच होती. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, म्हणून एमएच-08 म्हणजे रत्नागिरीच्या गाडीलाही हाच निकष. पुरात बुडालेली गाडी धुता येते, पण सीटबेल्ट धुवायला कुणाला सुचत नाही. चारही बेल्ट शेवटापर्यंत ओढले. मातीचा डाग किंवा पाण्याची रेघ कुठंच नाही. डॅशबोर्डखाली टॉर्च मारला, सीटचे रूळ, फ्युजबॉक्सचं झाकण पाहिलं. स्वच्छ. मासळीचं पाणी सोडलं तर गाडी बुडालेली नव्हती. बोनेटच्या एका कोपऱ्यात मात्र डांबराच्या गोळ्या होत्या, उंदरांसाठी. उभ्या गाडीचा हाही एक पुरावा. वायरी मात्र शाबूत निघाल्या.

अपघाताचं तपासताना दरवाज्यांची रबरी बीडिंग ओढून आतले कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठसे बघतात. सारख्या अंतरावरचे गोल ठसे दिसले की समजावं खांब मूळचा आहे. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर बोनेट कधीतरी उतरलंय. पुढचा बंपर रंगवलेला होता. सेडानचा बंपर रंगवलेला नसेल तर मलाच संशय आला असता. पण याहून चांगला साक्षीदार विम्याच्या कागदात असतो. क्लेम न घेतल्याची सवलत पाच वर्षांत वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. चालू पॉलिसीवर ती शून्य दिसली तर मागच्या वर्षी काहीतरी झालंय, आणि ते काय ते विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. इथं पूर्ण पन्नास होती.

मीटर मागे फिरवलाय का, हा भावाचा खास प्रश्न होता, घरून ठरवून आणलेला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनी 1817, म्हणजे 2017 च्या अठराव्या आठवड्यातली, मूळची. खालचे चार टायर 2022 चे. सर्व्हिसची बिलं क्रमानं लावली तर आकडे चढत गेलेले. ब्रेक पेडलचं रबर, स्टेअरिंगची झीज, सगळं 46 हजारांना साजेसं. मीटर खरा होता. शेवटच्या पाच वर्षांत गाडी फार हललीच नव्हती, हे त्यानं वेगळ्या भाषेत सांगितलं एवढंच.

मग चालवणं. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं ठरवलं होतं आणि बोनेटला हात लावून खात्री करून घेतली होती. गरम गाडी सगळी दुखणी लपवते. ओरोसहून कसालपर्यंत महामार्ग, तिथून मालवणच्या रस्त्याला थोडं आत. काँक्रीटवर स्टेअरिंग सोडून पाहिलं, किंचित डावीकडे ओढत होती. वळणांच्या रस्त्यावर गतिरोधकांवर लोअर आर्म बोलले. पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकट आली नाही, म्हणजे एक्सल ठीक. चौथ्या गिअरला चढावर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला तसा वेगही वाढला, म्हणजे क्लच घसरत नाही. घाटातून आलेल्या गाडीत हे आवर्जून पाहावं. फोंडा नाही तर आंबोली चढणाऱ्या गाडीचं क्लच मीटरवरच्या आकड्याच्या पुढं धावतं. परत आल्यावर स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. बिघाडाचे कोड नव्हते, आणि कोड पुसल्यापासून किती अंतर गेलं तो आकडाही हजारांत होता. सकाळी पुसून दुपारी दाखवली असती तर तो विसाच्या आत आला असता.

कागदांचं थोडक्यात. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी दिसतं, ई-चलानही आधीच तपासून घ्यावं. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर 35 आणि बँकेचं पत्र. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलेली हवी. सीमेपलीकडची जीए नंबरची गाडी स्वस्त वाटते, पण तिला गोव्याची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो, तो किमतीत धरूनच स्वस्त म्हणावं. आणि विकणाऱ्यानंही लक्ष द्यावं: नाव बदललं नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय. बदलीच्या गडबडीत सह्या करून कागद एजंटच्या हातात देऊन नांदेडला गेलेल्या माणसानं हे विसरू नये.

चहा आला. गॅरेजवाल्यानं बिडीच्या पाकिटावर हिशेब मांडला: लोअर आर्म, सायलेन्सरचा जोड, डिकीचा पत्रा कापून नवा, गालिचे काढून वाळवणं, कनेक्टर. मग भावाला बाजूला घेऊन म्हणाला, “गाडी वायट नाय. पैसे जास्त सांगतत.” साहेबांना आम्ही ओला गालिचा आणि काढलेली पानं दाखवली. ते वैतागले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पाच लाखांच्या खाली यायला मात्र दोन दिवस लागले.

सौदा चार लाख सत्तर हजारांना झाला, एका अटीवर: डिकीचा पत्रा आणि पन्हळ पाऊस लागायच्या आत, आणि मासळीसाठी यापुढे झाकणाचा डबा. तुम्ही या दिवसांत गाडी बघायला जाणार असाल तर टायरला लाथ मारू नका. एक बादली पाणी मागा.