चितार ओळीतील मातीचा हिशेब

नागपूरच्या मेट्रोचा सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून उंचावरून जाणाऱ्या या मार्गावर एका स्थानकाचे नाव चितार ओळी चौक असे आहे. गाडीत दर फेरीला त्या नावाचा पुकारा होतो, दारे उघडतात, मिटतात आणि प्रवासी पुढे निघून जातात. चितार म्हणजे काय आणि ओळ कोणाची, हा प्रश्न त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पडत असेल. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना तो मी एकदा विचारला. रोज त्या मार्गाने येणाऱ्या मुलांनाही उत्तर देता आले नाही. म्हणून गेल्या श्रावणात त्यांतील काहींना सोबत घेऊन मी त्या ओळीत पायीच गेलो.

जुन्या नागपूरची नावे हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकासाठी एक उघडा ग्रंथच आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास वसवलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने ते राज्य खालसा केले. राज्य गेले, पण त्याने घडवलेली वस्ती आपापल्या नावांनिशी राहिली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे आठवड्याच्या बाजाराची आठवण ठेवतात. भालदारपुरा आणि गाडीखाना दरबाराच्या चाकरीची साक्ष देतात. तेलीपुरा, कोष्टीपुरा ही नावे कारागिरांची, तर इतवारीतील सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ ही व्यापाराची. चितारी म्हणजे चित्र काढणारा, रंगकाम करणारा, मूर्ती घडवणारा. त्याच्या घरांची रांग ती चितार ओळ.

मुख्य रस्ता सोडून आत वळताच ओल्या मातीचा वास येतो. घराचा पुढचा भाग हाच कारखाना. बांबू व तणसाच्या सांगाड्यावर मातीचा पहिला थर चढलेला, शेजारी बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग, आणि वर ओढलेल्या प्लॅस्टिकच्या कापडावर पावसाचे थेंब वाजत असलेले. घरातील स्त्रिया मातीत कापूस मळत होत्या, मुले साच्यातून काढलेले छोटे उंदीर फळीवर मांडत होती. एका वृद्ध मूर्तिकारांना माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "काका, एका मूर्तीला इतके दिवस का लागतात?" हात न थांबवता ते म्हणाले, "माती वाळेपर्यंत थांबा लागते, बाबू. घाई केली का तडा जाते." आणि लागलीच त्यांनी एका मूर्तीच्या खांद्यावरची बारीक भेग त्याला दाखवली. ती मूर्ती आता पुन्हा लिंपावी लागणार होती.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० च्या आपल्या ग्रंथात एकाच धंद्याच्या माणसांनी एका ठिकाणी वस्ती का करावी, याची कारणमीमांसा केली आहे. त्याच्यापुढे शेफिल्डच्या चाकू-कात्र्यांचे उदाहरण होते. अशा वस्तीत कौशल्य शिकवावे लागत नाही, ते मुलांच्या अंगी आपोआप मुरते. कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही दाराशी येतात आणि एकाला सुचलेली युक्ती दुसऱ्याच्या कामी पडते. चितार ओळ हे याच तत्त्वाचे नागपुरी रूप होय. मातीत पाणी किती, पहिला थर केव्हा वाळला असे समजायचे, डोळ्यांची रेषा कोणत्या क्षणी काढायची, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही आणि कोणा एका घराच्या मालकीचेही नाही. ते ओळीचे सामाईक भांडवल आहे. मात्र ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नसल्यामुळे त्याची घटही कोणाच्या लक्षात येत नाही.

या धंद्याचे पंचांग पाहण्यासारखे आहे. श्रावण वद्य अष्टमीला घरोघरी कान्होबा बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा लाकडी नंद्यांना रंग हवा असतो. मग गणपती आणि महालक्ष्म्या, पितृपक्षात भोसल्यांच्या परंपरेतील हडपक्या गणपती, नवरात्रात दुर्गा आणि शारदा, कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि शेवटी दिवाळीची लक्ष्मी. वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग या अडीच महिन्यांत हाती येतो. खर्चाला मात्र उन्हाळ्यापासूनच सुरुवात होते. माती, बांबू, रंग, मजुरी आणि जागेचे भाडे यांपैकी काहीही भाद्रपदाची वाट पाहत नाही. शेतकऱ्याला पेरणीसाठी कर्ज लागते तसेच ते मूर्तिकारालाही लागते. शेतकऱ्याच्या पीककर्जाची चर्चा आपण दरवर्षी करतो, मूर्तिकाराच्या कर्जाची कोणी काढत नाही. आणि अवकाळी ओल लागून माल फुटला तर त्याचा पंचनामाही होत नाही.

अशा या धंद्यासमोर गेल्या काही दशकांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस उभे राहिले. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की काही मिनिटांत घट्ट होते. मूर्ती पोकळ, हलकी आणि वाहतुकीत न फुटणारी निघते. तिला ना वाळवण्याची जागा लागते, ना पिढीजात बोटे. साहजिकच ती स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे वळते. ओळीतीलही काहींनी ती विकायला ठेवली. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु शेजारचा दुकानदार निम्म्या कष्टात तेवढाच गल्ला जमवत असता मातीला चिकटून राहा असा उपदेश करण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही, हे मी आधीच कबूल करतो.

येथे कोणी म्हणेल की यंत्राने हाताला मागे सारणे ही तर जगाची रीतच आहे. या शहराने ते पूर्वी पाहिले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि हातमागासमोर गिरणीचे आव्हान उभे राहिले. पुढे ती गिरणीही बंद पडली. मग चितार ओळीसाठीच अश्रू का ढाळावेत? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अश्रूंनी नव्हे तर हिशेबाने दिले पाहिजे. प्लॅस्टरच्या मूर्तीची किंमत दुकानात संपत नाही. पाण्यात गेल्यावर ती विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि रंगांतील विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात. तो भार तलाव सोसतो. तलाव वाचवावे म्हणून महापालिका कृत्रिम हौद उभारते आणि विसर्जनानंतरचा गाळ उपसून नेते. त्याचा खर्च करदाते देतात, त्यांत मातीची मूर्ती आणणाराही आला. म्हणजे प्लॅस्टरची मूर्ती स्वस्त नसते, तिच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलेला असतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. या उधारीवर उभ्या राहिलेल्या स्पर्धेला मुक्त स्पर्धा म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला नाही असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना केल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर मुदती वाढत गेल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदांतच विसर्जित करण्याचे बंधन घातले. प्लॅस्टरच्या धंद्यावर हजारो कुटुंबे पोसली जातात, ही बाजू न्यायालयापुढे आली आणि ती खोटी नाही. परंतु दर वर्षी बदलणाऱ्या नियमांचा फटका सर्वाधिक त्यालाच बसतो, ज्याला निर्णय उन्हाळ्यात घ्यावा लागतो. बंदी लागू होणार म्हणून ज्याने जादा माती भरली आणि अधिक मजूर लावले, त्याला ऐन हंगामात ती शिथिल झाल्याचे कळते.

याहून सूक्ष्म अडचण ओळखीची आहे. रंग दिल्यावर माती कोणती आणि प्लॅस्टर कोणते, हे सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की जेथे खरेदीदाराला चांगला-वाईट माल ओळखता येत नाही, तेथे तो चांगल्याचा भाव देत नाही आणि चांगला माल हळूहळू बाजारातून उठून जातो. चितार ओळीत नेमके हेच घडू शकते. मातीची म्हणून प्लॅस्टरची मूर्ती विकली गेली, की फसवणूक एका गिऱ्हाइकाची होते आणि नुकसान सबंध ओळीचे. प्लॅस्टरच्या मूर्तीच्या पाठीवर लाल खूण असावी हा नियम म्हणूनच बंदीपेक्षाही मोलाचा आहे. पण ती खूण आहे की नाही, हे हंगामाच्या गर्दीत कोणी तरी पाहिले पाहिजे.

तात्पर्य, चितार ओळीला वारसा म्हणून गौरवण्याची मला घाई नाही. फलक लावून आणि छायाचित्रे काढून कोणाचे घर चालत नाही. तिला हवी आहे ती उन्हाळ्यात मिळणारी माफक व्याजाची उचल, मूर्ती वाळवण्यासाठी पावसापासून सुरक्षित अशी सामाईक जागा, निदान तीन वर्षे न बदलणारा नियम आणि प्लॅस्टरच्या प्रत्येक मूर्तीवर तिच्या विल्हेवाटीचा खर्च भरून काढणारा कर. यांतील एकही गोष्ट अनुदान नाही. हिशेब ज्याचा त्याच्या खात्यावर लिहिणे, एवढीच ही मागणी आहे. तरीही माती हरली तर ती खऱ्या स्पर्धेत हरली असे म्हणता येईल.

निघताना माझ्या विद्यार्थ्याने त्या वृद्ध मूर्तिकारांना विचारले, की मुलगा हेच काम करतो का. मुलगा नोकरी करतो, पण भाद्रपदात सुट्टी काढून रंगकामाला येतो, असे त्यांनी सांगितले. नातवाचा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्या उत्तराचा काही भाग त्यांच्या हाती आहे, पण बराचसा भाग दुकानात मूर्ती उलटी करून तिची पाठ पाहणाऱ्या, किंवा न पाहणाऱ्या, आपल्या हाती आहे.